न चाखलेली आमटी

उमरग्याचे आण्णासाहेब गुरुजी निवृत्त झाल्यापासून आमच्या ह्यांच्यावर कादंबरी लिहितायत. ऐतिहासिक कादंबरी. निजामाचं राज्य, रझाकार, दुष्काळ, आणि मधोमध आमचे हे, हातात पळी घेऊन. पहिली चाळीस पानं त्यांनी मला वाचायला आणून दिली. पहिल्याच पानावर रेवणप्पा आचारी डेगीतली आमटी तळहातावर घेतात, जिभेला लावतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "आता जमलं!"

मी तिथंच पानं मिटली.

"गुरुजी," मी म्हटलं, "हे कुणाचं लिवलंय?"

"काकू, तुमच्या मालकांचंच की."

"मंग ही आमटी कोण चाकतंय?"

गुरुजींना कळेना. भला माणूस आहे, पण लहानपणापासून मठाच्या पंगतीला जेवलेल्या माणसाला एवढं माहीत नसावं, याचा मला रागच आला. कादंबरीत असं थोडं चालतं, असं ते म्हणाले. चालत असेल. म्हणून माझं मीच लिहायला घेतलं. मी अक्कलकोटच्या शाळेत मराठी चौथी झालेली आहे. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही, पण आता ते पानापानावर छापून येणार, तिथं मी एकटीनं तोंड दाबून काय उपयोग?

तर ऐका. रेवणप्पांनी सव्वीस वर्षं मुरूमच्या मठात महाप्रसाद केला आणि एकदाही पळीतला थेंब जिभेला लावला नाही.

आमच्या मठाची रीतच तशी होती. चुलाण पेटलं की आचाऱ्यानं आणि त्याच्या माणसांनी तोंडाला धुतलेलं फडकं बांधायचं. नैवेद्य निघेपर्यंत ते सोडायचं नाही, बोलायचं नाही आणि चाखायचं तर नाहीच. देवाच्या आधी माणसाची जीभ लागली की अन्न उष्टं झालं. दोन हजार पानांचा स्वयंपाक, वीस-बावीस माणसं, आणि आवाज म्हणाल तर फक्त पळ्यांचा आणि लाकडांचा. बाहेरून येणाऱ्याला वाटायचं, आत कुणी गेलंय की काय.

बाकीचे आचारी अशा ठिकाणी अंदाजानं भागवतात. ह्यांचं नाक होतं. दहा डेगी रटरटत असल्या तर हे त्यांच्या मधून हात मागं बांधून चालत जायचे आणि सातव्या डेगीपाशी थांबून मिठाच्या परातीकडं बोट करायचे. मीठ पडलेल्या आमटीची वाफ निराळी असते म्हणायचे. मी शंभरदा हुंगून पाहिलं, मला कधी कळलं नाही. नळदुर्गच्या एका लग्नात मांडवाच्या दारातूनच त्यांनी सांगितलं होतं की डाळ गेल्या सालची आहे, बदला. कोठी उघडून पाहिली तर पोत्याच्या तळाला भुंगे. तेव्हापासून आळंद, अक्कलकोट, तुळजापूर, जिथं मोठं जेवण तिथं रेवणप्पा. लोक मुहूर्त नंतर काढायचे, आधी ह्यांना विचारायचे. आणि मठात असोत की लग्नात, पहिलं पान देवाला जातं म्हणून हे कुठंच चाखायचे नाहीत.

मला या सगळ्याचा तोरा होता, खोटं कशाला बोलू? बाजारात मी गेले की बायका वाट द्यायच्या. तेलीण घाण्यावरचं तेल आधी मला दाखवायची. सासरी आले तेव्हा मला धड भाकरी थापता येत नव्हती, आणि इथं लोक मला विचारायचे, "काकू, हुग्गीत गूळ कवा घालायचा?" मीही ठोकून द्यायची.

मग पंचेचाळीस सालच्या भादव्यात ह्यांना ताप आला. पंधरा दिवस अंथरूण धरलं. ताप उतरला, अंगात ताकद आली, दसऱ्याला हे पहिल्यासारखे पारावर जाऊन बसायला लागले. मला वाटलं, सुटलो.

एक दिवस मी चुलीवर दूध ठेवून शेजारी नागूबाईकडं गेले. ही नागूबाई म्हणजे आमच्या आळीची तोफ. नवरा लवकर गेला, दोन एकरावर तिनं चार पोरी उजवल्या, आणि कुणाला भ्यायची नाही. तिच्याशी बोलताना माझं ध्यान राहिलं नाही. रस्त्यापर्यंत करपल्याचा वास आला तशी मी पळत आले. बघते तर घर धुरानं भरलेलं, पातेल्याचा कोळसा झालेला, आणि चुलीपासून चार हातांवर, भिंतीकडं तोंड करून हे सुतळीला पीळ घालत बसलेले.

"आवं, दूध जळतंय की!" मी ओरडले.

त्यांनी वळून पातेल्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. एवढा मोठा माणूस, पण तोंड असं झालं की मी पातेलं तसंच सोडून त्यांच्याकडं गेले.

"मला येत न्हाय," ते म्हणाले. "तापापासून. कशाचाच वास येत न्हाय."

मी खाली बसले. महिनाभर ह्या माणसानं ते पोटात ठेवलं होतं. जाई हुंगून पाहिली होती, हिंग पाहिला होता, गोठ्यात जाऊन उभे राहिले होते. काही नाही. जिभेला गोड, खारट, आंबट कळायचं, पण तेवढंच. जिऱ्याची फोडणी आणि पाण्याची वाफ त्यांना सारखीच झाली होती.

"वैद्याला दावू," मी म्हटलं.

"दावलंय. यील म्हनला आपोआप." मग थोड्या वेळानं म्हणाले, "तंवर तू मला सांगायचं. तू पंगतीला जेवतीस. घरी आलं की सांगायचं, कसं झालं व्हतं. खरं सांगायचं. चुकत असंल तर म्या पळी ठिवतो."

मी मान हलवली.

त्या साली दत्तजयंतीला त्यांनी मठात पहिल्यांदा नाकाशिवाय स्वयंपाक केला. मीठ आता मापट्यानं मोजायचं ठरवलं होतं, एका डेगीला दीड मापटं. मीठ बरोबर होतं. पण हुग्गी, म्हणजे आमची गव्हाची खीर, खाली लागली होती. गव्हाला तो जळका वास असा बसला होता की पहिल्याच घासाला कळलं. मी आजूबाजूला पाहिलं. बायका खाली बघून जेवत होत्या. कुणी बोललं नाही, आणि बोलणारही नव्हतं. कारण मठातलं अन्न प्रसाद असतं. प्रसादाला नावं ठेवत नाहीत आणि ताटात टाकत नाहीत. आमच्यात घरून ताट-तांब्या घेऊन पंगतीला जातात, आणि शेवटचा घास झाला की ताटात पाणी घालून, बोटानं धुऊन, ते पाणी पितात. एक शीत वाया जाऊ द्यायचं नाही. त्या दिवशी सगळ्यांनी ताटं धुऊन प्यायली. मीही प्यायले.

संध्याकाळी मठातून घरी आले तसे हे दारातच थांबले. "कसं झालं व्हतं?"

त्यांचा चेहरा पाहिला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नेहमीसारखं."

त्यांनी श्वास सोडला, तो मला अजून ऐकू येतो.

एकदा खोटं बोललं की दुसऱ्यांदा जड जात नाही. माघातल्या जत्रेत हिंग डोक्यात जाईल इतका पडला होता. मी म्हटलं, नेहमीसारखं. एका लग्नात तेल खवट होतं, पाहुणे भजी पानाच्या कडेला सारत होते. मी म्हटलं, नेहमीसारखं. सांगणार होते, देवाशपथ सांगणार होते. पुढच्या वेळेला सांगू, वास परत आला तर सांगायची पाळीच यायची नाही, असं करत करत तीन वर्षं गेली. आणि फक्त त्यांच्यासाठी गप्प बसले असं म्हटलं तर तेही खोटं होईल. बाजारात बायकांनी वाट द्यायचं थांबवलं तर काय, हेही माझ्या मनात होतं.

लोकांना कळत नव्हतं असं नाही. लग्नाची बोलावणी कमी झाली. "जमाना वाईट आलाय, मोठी जेवणं कोण घालतंय आता?" असं हे म्हणायचे, आणि ते थोडं खरंही होतं. अठ्ठेचाळीस साल उजाडलं तसे रझाकार गावागावांतून फिरायला लागले होते, चार माणसं एकत्र दिसली की चावडीवर जाब द्यावा लागायचा. पण मठाचा महाप्रसाद चालू होता आणि तो रेवणप्पांचाच होता. प्लेगच्या साली गाव सोडून रानात राहिलेल्या लोकांना जेवू घालणारे ते रेवणप्पा होते. त्यांना कोण बोलणार?

अठ्ठेचाळीसच्या श्रावणात शेवटच्या सोमवारी महाप्रसाद होता. तेव्हा हिंदुस्थान सरकारनं निजामाच्या राज्याची नाकेबंदी केली होती. सोलापूरकडून येणारा माल थांबला होता, आणि मुरूमच्या पेठेत खडेमीठ दिसेनासं झालं होतं. आम्ही घरात मीठ चिमटीनं वापरत होतो. महाप्रसाद अळणी होतो की काय, अशी सगळ्यांना काळजी पडली. तेव्हा महांतप्पा नावाच्या आडत्यानं कुठून तरी मिठाचं एक पोतं मिळवून मठात आणून टाकलं. कुठून ते त्यानं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. पोतं उघडलं तर आत पिठासारखं बारीक, पांढरंशुभ्र मीठ. आम्ही जन्मात तसं पाहिलं नव्हतं. लोक चिमूट-चिमूट हातावर घेऊन बघत होते.

आता घरात चूल करणाऱ्या कुठल्याही बाईला कळतं की खडेमीठ आणि बारीक मीठ मापानं सारखं घालायचं नसतं. खड्यांमध्ये पोकळी असते, बारीक मीठ मापट्यात ठासून बसतं. पण आमच्या ह्यांनी जन्मात घरचा स्वयंपाक केला नव्हता. आधी सगळं नाकावर चालायचं, तेव्हा मीठ कसलं का असेना. आणि नाक गेल्यावर मापटं हातात घेतलं ते खडेमिठापुरतंच. दीड मापटं म्हणजे दीड मापटं. त्यांनी प्रत्येक डेगीत ते मोजून घातलं.

चुलाणावर उत्तरेश्वर होता. हा मराठ्याचा, वीस वर्षं ह्यांच्यासोबत लाकडं सारणारा. डेग करपायला लागली की वासावरून तोच हळूच लाकूड मागं ओढायचा. तीन वर्षं जे काही निभावलं ते त्याच्यामुळं. पण डेगीला हात लावायची त्याला मुभा नव्हती. त्यानं मीठ पडताना पाहिलं. नंतर मला म्हणाला, "काकू, माज्या काळजाचं पानी झालं. पन तोंडाला फडकं. आन् मनात आलं, रेवनप्पाकाकाला म्या काय सांगनार? त्येंनी ठरवूनच घातलं आसंल." बावीस माणसं त्या खोलीत होती. एकानं फडकं सोडलं असतं तर सगळं वाचलं असतं. कुणी सोडलं नाही.

नैवेद्य झाला, घंटा वाजली, पंगती बसल्या.

पहिला घास तोंडात गेला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खारट म्हणजे काय, जिभेला भाजल्यासारखं झालं. समोरच्या पंगतीत एक लेकरू थूः करून रडायला लागलं, तर त्याच्या आईनं त्याचं तोंड पदरानं दाबलं. आणि मग मी काय पाहिलं ते सांगते. अख्खा मठ जेवला. मान खाली घालून, भाताचा डोंगर करून त्यात आमटी जिरवून, मधे मधे तांब्या तोंडाला लावून, जेवला. विहिरीवर पाणी ओढणारे गडी घामाघूम झाले. माझ्या शेजारी नागूबाई होती, जी तहसीलदाराला तोंडावर बोलायची. तीही चार तांबे पाणी प्यायली आणि गप्प राहिली. शेवटी सगळ्यांनी ताटात पाणी घातलं, बोटानं फिरवलं आणि ते खारं पाणीही पिऊन टाकलं. उठताना जो तो ह्यांच्याकडं बघून हात जोडून आमच्या मठातला नमस्कार म्हणत होता. "शरणार्थी, रेवणप्पा, शरणार्थी." हे दाराशी उभे राहून सगळ्यांचा नमस्कार घेत होते. घामानं चिंब, आणि खूश.

आचारी सगळ्यांच्या शेवटी जेवतो. दुपार कलली होती, आवार रिकामं झालं होतं. मी मुद्दाम थांबले होते. त्यांचं ताट मीच वाढलं. आमटी वाढू नये असं वाटत होतं, पण आमटी न वाढता कसं चालणार? मी थोडी वाढली.

त्यांनी पहिला घास घेतला आणि हात थांबला. गोड, आंबट, खारट तेवढं कळत होतं ना अजून. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. दुसरा घास घेतला. तिसरा. सगळं ताट संपवलं, पाणी घातलं, धुतलं, प्यायले. मग रिकाम्या आवाराकडं बराच वेळ बघत राहिले.

"दोन हजार लोक जेवले," ते म्हणाले.

मी त्यांचं ताट उचललं.

"एकबी बोलला न्हाय."

"परसाद हाय," मी म्हटलं. "कोन बोलनार?"

तेव्हा त्यांनी मान वर केली. "मंग आदी बी बोलले नसतील. कवापासून हाय हे?"

सांगायची हीच वेळ होती. तीन वर्षांत याहून चांगली वेळ आली नव्हती. आणि मी म्हटलं, "आजच. मीठ बारीक व्हतं. आजच चुकलं."

त्यांनी मान डोलवली. मला वाटलं, पटलं त्यांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे पळी घेऊन मठात गेले, स्वामींच्या पायाशी ठेवली आणि म्हणाले, माझं मीठ चुकलं, दुसरा आचारी बघा. प्रसादात चूक नसते, असं स्वामी म्हणाले. पण ह्यांनी ऐकलं नाही. त्यानंतर दोनच आठवड्यांनी सोलापूरकडून नळदुर्गच्या वाटेनं हिंदुस्थानची फौज आली, रझाकार पळाले, निजाम शरण गेला, आणि त्या गडबडीत आचाऱ्यानं पळी का ठेवली हे कुणी विचारलं नाही. पुढं लोकांनीच ठरवलं की रझाकारांच्या जेवणावळी करायला नकार देऊन रेवणप्पांनी पळी ठेवली. आण्णासाहेबांच्या कादंबरीतही तेच येणार आहे. ह्यांना रझाकारांनी कधी साधं बोलावलंही नव्हतं.

चार महिने हे घरात बसून होते. चुलीकडं फिरकायचे नाहीत. मी वाढेन ते खायचे आणि काही बोलायचे नाहीत. आधी जेवणानंतर निदान भांडायचे तरी, वांगी आज कुठली आणलीस म्हणून. आता तेही नाही. मला घर खायला उठायचं. दहा वेळा वाटलं, सांगून टाकावं. पण सांगितलं तर उरलंसुरलंही मोडेल, ही भीती. सव्वीस वर्षांतलं एक मीठ चुकलं, एवढंच त्यांना माहीत होतं. त्यावर माणूस जगू शकतो. तीन वर्षं लोकांनी आपलं जेवण गिळलं, हे कळल्यावर कसा जगेल?

मग येळवस आली. मार्गशीर्षातली अमावास्या, आमच्याकडं दिवाळीच्याही वर. सगळं गाव शेतात जातं, कडब्याची कोप करून आत दगडांचे पाच पांडव मांडतं, ओल्या दाण्यांची भज्जी, ताकातली आंबिल, बाजरीचे उंडे असं सगळं त्यांना दाखवून रानातच जेवतं. वाटेवरच्या माणसालाही हाताला धरून बसवतात. एवढं मोठं जेवण असूनही ह्या दिवशी आमचे हे कधी पळी धरायचे नाहीत. येळवशीचा स्वयंपाक घरच्या बाईचा. पण त्या वर्षी आदल्या दिवशी हे म्हणाले, "नैवेद्यापुरतं तू कर. गावासाठी भज्जी म्या करनार. रानात."

मला वाटलं, बरं झालं, माणसात आले.

उत्तरेश्वरानं रानात चुलाण खणलं. ह्यांनी दोन डेगी चढवल्या. हरभऱ्याची भाजी, तुरीचे, वाटाण्याचे ओले दाणे, बेसन, आंबिलाचं पाणी. लोकांना निरोप गेले होते, दीडदोनशे माणसं आली. नव्या राज्यातली पहिली येळवस, सगळे खुशीत होते. माझा नैवेद्य पांडवांना दाखवून झाला. मग पंगत बसली, आणि हे मधे उभे राहून बोलले. मठाबाहेरसुद्धा स्वयंपाकाच्या ठिकाणी मी त्यांचा आवाज क्वचितच ऐकला होता.

"ह्या डेगीतलं देवाला दावल्यालं न्हाय," ते म्हणाले. "देवाचं हिनं येगळं केलंय. ह्ये परसाद न्हाय. नुसतं जेवन हाय. चुकलं आसंल तर तोंडावर सांगा. नावं ठिवा. म्या हात जोडतो."

लोक हसले. वाढप झालं. हे पंगतीतून फिरायला लागले, एकेकापुढं वाकून.

"महांतप्पा, कशी झालीया?"

"झकास!"

"गोरोबाआप्पा?"

"आवं, तुमच्या हाताला काय बोलायचं!"

"नागूबाई, तू सांग."

नागूबाईनं पानाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "चांगली हाय की," ती म्हणाली. ती तोफ. मला तिथंच रडू फुटायचं बाकी होतं.

भज्जी करपली होती. चांगली बोटभर खालून लागली होती. उत्तरेश्वर पाहुण्यांसाठी पाणी आणायला गेला होता तेवढ्यात जाळ वाढला होता. वर हिंग भरमसाट. आणि दीडशे माणसं प्रेमानं "झकास, झकास" करत ती गिळत होती. प्रत्येक झकासला ह्यांचा चेहरा पडत चालला होता. त्यांना कळत होतं की हे खोटं आहे, फक्त किती खोटं ते कळत नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. श्रावणातलं माझं "आजच" त्यांना पटलंच नव्हतं. चार महिने ते त्याचाच विचार करत होते. ही येळवस, हे रान, हे नुसतं जेवण, सगळं तेवढ्यासाठीच होतं.

शेवटी ते बायकांच्या पंगतीत माझ्यापुढं आले. वाकले नाहीत. उभेच राहिले.

"तू?"

"करपलीया," मी म्हटलं.

पंगतीतले हात थांबले. नवऱ्याच्या स्वयंपाकाला बायकोनं चारचौघांत असं बोलायचं म्हणजे काय, हे तुम्हाला आज नाही कळायचं.

"लई करपलीया," मी म्हटलं. "हिंग बी जास्त पडलाय. आन् आजच न्हाय. श्रावनातलं बी पैलं नव्हतं. दत्तजयंतीची हुग्गी लागली व्हती. जत्रंत हिंग झाला व्हता. लगनात तेल खवट व्हतं. तीन वर्सं. तुमी इचारलं तवा तवा म्या खोटं बोलले."

मी मान खाली घातली. मला वाटलं, आता पाठ फिरवून जातील, आणि गेले तर मी त्यांना परत कसं आणणार होते?

"म्या तुला इचारत व्हतो की गं," ते म्हणाले. रागानं नाही. लेकराला कुणी घरात न घेता दार लावून घेतलं तर ते जसं म्हणेल, तसं.

मला रडू आवरलं नाही. "व्हय," एवढंच म्हटलं.

मग ते डेगीपाशी गेले. पळीनं तळ खरवडला, काळी खरपूड निघाली, ती एका पानात घेतली, वर थोडी भज्जी घेतली. आणि ते पान घेऊन बायकांच्या पंगतीत आले. नागूबाई सरकली. आमच्यात नवरा-बायको चारचौघांत एका ओळीला बसत नाहीत, पण ते माझ्या शेजारी येऊन मातीत मांडी घालून बसले. एक घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिले.

"मला काईच कळंना बग," ते म्हणाले. "आंबट लागतंय तेवडं. तू सांग. कशी हाय?"

मी डोळे पुसले आणि माझ्या पानातला घास घेतला.

"खालचं जळाल्यालं कडू लागतंय," मी म्हटलं. "पयल्यांदा त्येच लागतंय."

"मंग?"

"मंग हिंग. नाकात जातोय."

"तूर?"

"तूर चांगली हाय. कवळी हाय. दाताखाली फुटतीया."

"फुटतीया?" ते म्हणाले, आणि तुरीचा एक दाणा वेचून दाताखाली धरला.

"आन् हरबऱ्याची भाजी?"

"सांगते," मी म्हटलं. "जेवा तुमी."